आठ अक्षरांत न बसलेलं नाव

पोलितिमी म्हातारीचा निरोप आला. अथेन्सहून कोणी मास्तर आलेत, त्यांना पुस्तकासाठी दिकेओसचा विलाप ऐकायचाय, झील धरायला ये. ऐकलं आणि हातातली ऑलिव्हची टोपली मी जमिनीवर आपटली. कोडगेपणाला काही सीमा? त्याच विलापाने माझा बाप मेला, आणि त्याची झील मी धरायची!

आमच्या मानीत, ग्रीसच्या या दक्षिण टोकाला, माणसाचा खून झाला की पोलीस मागाहून येतात. आधी येते विलाप गाणारी बाई. प्रेताच्या उशाशी बसून ती कोणी मारलं, कुठे मारलं ते गाते आणि घरच्या पुरुषांना हिणवते, की बसलात काय मिशा कुरवाळत? दिकेओस विहिरीवर गोळी लागून मेला, त्या दिवशी पोलितिमीने गायलं:

विहिरीच्या काठावर
लियासने मारलं रे

लियास म्हणजे माझा बाप. दिकेओसचे भाऊ पुढची ओळ ऐकायलाही थांबले नाहीत. बंदुका घेऊन उठले, आणि माझा बाप आमच्याच अंगणात अंजिराखाली संपला. मी तेव्हा आईच्या पाठीआड उभी होते.

गोळी झाडली होती थ्रासिव्हुलोसने, बापाच्या चुलतभावाने. मरताना पाद्र्यासमोर आणि चार लोकांसमोर त्याने तसं कबूलही केलं. पण तोवर तो दूर पिरेअस बंदरात खाऊनपिऊन, नातवंडं खेळवून म्हातारा झाला होता. गाणं मात्र बदललं नाही. अजूनही लग्नात दारू चढली की कोणीतरी मला ऐकू जाईल अशा बेताने ती ओळ गुणगुणतं, आणि माझ्या मुलाकडे बघून खुन्याचा नातू म्हणतं. आता ती पुस्तकात छापून येणार होती.

काळा रुमाल घट्ट बांधून मी गेले. पोलितिमीच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं, की लियास खुनी नव्हता. नाही वदली तर तिला सोडायची नाही, हेही ठरलं होतं.

मास्तरांचं नाव व्रेत्तोस. माणूस सभ्य, उन्हाने नाक सोललेलं. टेबलावर टेपचं यंत्र, शेजारी रकाबीत डुकराचं खारं मांस. म्हातारी नव्या चपला घालून नवरीसारखी बसली होती.

"ये गं लिगेरी," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय गावात सूर धरणारं उरलंय कोण? बाकीच्यांचे नुसते गळे बकऱ्यांचे."

"मास्तर, आधी सांगा, पुस्तकात हे कशासाठी हवंय?" मी विचारलं.

"आमच्यात जुना वाद आहे, बाई," ते म्हणाले. "ट्रॉयच्या युद्धाचं महाकाव्य खरं घडलेलं सांगतं, की सगळी कल्पना? काही म्हणतात, शेकडो वर्षं तोंडी गायलेल्या गाण्यात खरं काय टिकणार? मी म्हणतो, टिकतं. तुमचा विलाप हा माझा पुरावा. चाळीस वर्षं झाली, पण विहीर तीच, माणसं तीच."

"माणसं तीच? विचारा की हिला. गोळी कोणी झाडली, मावशी?"

म्हातारीने मांसाचा तुकडा तोंडात टाकला. "थ्रासिव्हुलोसने. सगळ्या गावाला माहितेय."

मास्तरांनी नुकतंच यंत्र सुरू केलं होतं, त्यांचा हात तिथेच थांबला. "मग गाण्यात लियास कसा?"

"अहो मास्तर, आमची ओळ आठ अक्षरांची. आणि त्याच्या आईने नाव ठेवलं थ्रासिव्हुलोस! ओळीत बसतंय होय ते? विहिरीवर दोघंही होते, दोघांकडे बंदुका. लियास कसं पटकन बसलं." आणि ती हसली. खरंच हसली. "प्रेत समोर असताना तोंड आपोआप चालतं. आता ते भाऊ इतके उतावळे निघाले, त्याला मी काय करू?"

इतकी वर्षं मला वाटायचं, हिने पैसे खाल्ले असतील, थ्रासिव्हुलोसवर हिचा जीव असेल. तसं काही असतं तर बरं झालं असतं. हिने माझा बाप नुसता सोयीसाठी मारला होता.

मास्तर गडबडले. "तरीसुद्धा," ते हळूच म्हणाले, "खून घडला, विहीर खरी, वैर खरं. महाकाव्यातही तसंच असेल. शहर खरंच जळलं, नावं तेवढी इकडची तिकडे..."

"नावं तेवढी?" मी उसळले. "शहर जळलं हे राख बघूनही कळतं, मास्तर. त्याला गाणं कशाला हवं? गाणं नावासाठीच असतं. तुमच्या त्या काव्यात जो जो पळपुटा म्हणून गाजला, त्यालाही एखादी मुलगी असेल. तिला कोणी विचारलं?"

मास्तर यंत्राची बटणं चाचपू लागले. म्हातारीला मात्र कशाचंच काही नव्हतं. माझा गुडघा थोपटून म्हणाली, "जुनं उगाळू नकोस. मी मेले की माझा विलाप तूच गा. तू नाही गायलीस तर मी कुत्र्यासारखी मुकी पुरली जाईन."

"गाईन की. आत्ताच गाते," मी म्हणाले.

जिवंत माणसाचा विलाप आमच्याकडे कोणी गात नाही. तो गाणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं. पोलितिमीने छातीवर क्रूस काढला. "ए बये, गप बस!"

मास्तर यंत्र बंद करायला गेले. मी त्यांचं मनगट धरलं आणि पट्टी वर चढवली:

पोलितिमी पडलीस
जीभ तुझी लांब होती
नाव तीत मावेना गं
जीव तीत मावला गं
खुनी नव्हे लियास गं
खुनी थ्रासिव्हुलोस तो

म्हातारी ओरडायची थांबली. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. खुनी, थ्रासिव्हुलोस, तो. शेवटाला पोचली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

"आठच आहेत, मावशी," मी म्हणाले. "बसत होतं."

तिने तिसऱ्यांदा मोजलं. चेहरा पांढरा पडला होता. साऱ्या मानीत जिच्या तोडीची बाई नाही, तिला एका शब्दाची जागा सुचली नव्हती, आणि ते आता टेपवर होतं.

"पुसा ते, मास्तर," ती म्हणाली. "माझ्या आईची शपथ, पुसा."

"पुसू नका," मी म्हणाले. "आणि मावशी, तू मेलीस की मी येईन. हेच गाईन."