गलात्याची चढण

सेरोपने पट्टा खांद्यावर चढवला, डोलीचे मागचे दोन्ही दांडे मुठीत धरले आणि हाक दिली, "उचल!"

पुढचं टोक जागचं हललं नाही.

त्याने मान वाकडी करून पाहिलं. मार्दिरोस दांड्यांकडे पाठ करून उभा राहायचा सोडून त्याच्याकडेच तोंड करून उभा होता. अंगात नवा निळा कोट, त्याला पितळी बटणं.

"आज नाही, सेरोप. उद्याही नाही," तो म्हणाला. "टेकडीखालून वर जाणाऱ्या त्या नव्या बोगद्याच्या गाडीवर दारं उघडायला माणूस हवा होता. मला घेतलं."

"बरं. आणि माझं काय?"

"तूही चल की! आणखी एक जण हवाय त्यांना. गुडघे बघ आपले. लंडनमधले लोक बारा वर्षं जमिनीखालून जातायत, गड्या. मेलं का कुणी?"

"जमिनीखाली माणसाने एकदाच जायचं असतं. घोडी-गाढवं जाऊ देत त्या भुयारातून. आणि तू जा."

मार्दिरोसने पुढचा पट्टा नीट गुंडाळला, डोलीच्या गादीवर ठेवला आणि तो निघून गेला.

दूर पूर्वेकडच्या मुश शहराजवळच्या एकाच खेड्यातून दोघे इस्तंबूलला आले होते. बावीस वर्षं त्यांनी गलात्याच्या धक्क्यापासून वर टेकडीवरच्या पेरा वस्तीपर्यंत, त्या उभ्या पायऱ्यांवरून, माणसं वाहिली. मार्दिरोस पुढे, सेरोप मागे. डोलीच्या कडेने दिसणाऱ्या त्या खांद्यांवरून सेरोपला सगळं कळायचं. खांदे ताठ म्हणजे गडी रागावला आहे; डावा उतरला म्हणजे दमला आहे. आता मार्दिरोसला वर पेऱ्यातच खोली मिळाली होती. खाली सराईतल्या त्या दोघांच्या खोलीत सेरोप संध्याकाळी मसूर शिजवायचा, तो हाताच्या सवयीने दोघांपुरता. उरलेला सकाळी थंडच खायचा.

दुसरा भोई काही मिळाला नाही. एकेक जण धक्क्यावर ओझी उचलायला गेला होता. तरी सेरोप रोज डोली पुसायचा आणि चढणीच्या तोंडाशी तिच्या दांड्यावर बसून राहायचा.

मार्दिरोस गेल्यापासून सहाव्या रविवारी काठी टेकत एव्हान्थियाबाई आल्या. धक्क्याजवळच्या दोरखंडाच्या व्यापाऱ्याची ही ग्रीक विधवा दर रविवारी थोरल्या बहिणीकडे, कलिरोईकडे, पेऱ्यात या दोघांच्याच डोलीतून जायची. पाय सुजल्यामुळे गेले पाच रविवार मात्र त्या घरीच होत्या. आज त्यांच्या डोक्यावरचा रुमाल वाकडा झाला होता.

"चल, ऊठ. कलिरोईकडून निरोप आलाय. तिने अन्न सोडलंय म्हणे."

"बाईसाहेब, मी एकटाच आहे."

"मग शोध की कुणीतरी!"

सेरोप धक्क्यापर्यंत धावत गेला आणि हात हलवत परत आला. बाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या सुजलेल्या पावलांकडे. पलीकडे बोगद्याच्या दारातून माणसं आत जात होती.

"त्यात मी पाऊल ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तू गेलायस कधी?"

"गेलोय की," सेरोप खोटं बोलला. "काही होत नाही."

डब्यात दिवे होते, तरी गाडी हलताच काळोख खिडक्यांना येऊन चिकटला. शेजारच्या डब्यात एक घोडा फुरफुरला. बाईंनी सेरोपचं मनगट पकडलं. ओठ न हलवता तो आईने शिकवलेली प्रार्थना म्हणत होता, आणि मधलीच एक ओळ त्याला आठवेना. तो ती शोधत होता, तोच उजेड आला.

"संपलं?" बाई म्हणाल्या. "एवढंच?"

दार मार्दिरोसने उघडलं. तो सेरोपकडे बघतच राहिला. मग पुढे होऊन त्याने बाईंना हात दिला. सेरोप मान खाली घालून बाहेर पडला.

तासाभराने एव्हान्थियाबाई बहिणीच्या दारात आल्या, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा उजळला होता.

"चार घास खाल्लेन माझ्या हातून. मी भुयारातून आले म्हटल्यावर हसली. म्हणते, तू? भित्री भागूबाई! आता रोज येईन मी." मग प्रेमाने म्हणाल्या, "तू जा आता. माझ्यासाठी खोळंबू नकोस. वाट कळली मला. आज तुझ्यामुळेच, हो!"

"येतो, बाईसाहेब."

स्टेशनच्या दारात मार्दिरोस उभा होता. "ये, खाली जाणारी गाडी रिकामीच चाललीय," तो म्हणाला. सेरोपने नुसता हात वर केला आणि तो पायऱ्यांकडे वळला. खांद्यावर काही नसताना तो ही चढण कधीच उतरला नव्हता. पाऊल भलतंच लांब पडत होतं. दोनदा तोल गेला.

खाली डोलीपाशी एक लठ्ठ व्यापारी घाम पुसत उभा होता.

"डोली तुझी? पेऱ्यात सोडशील का?"

सेरोपने गादीवरचा मार्दिरोसचा गुंडाळलेला पट्टा उचलला, पाहिला आणि परत ठेवला.

"त्या दारातून जा, साहेब," तो म्हणाला. "दीड मिनिट लागतं."

व्यापारी दाराकडे पाहत घुटमळला.

"आत दिवे असतात," सेरोप म्हणाला. "भिऊ नका."