आदल्या आठवड्यात भादरलेले पाय

सोमवारी संध्याकाळी बाथरूमला आतून कडी लावून मारिटने दोन्ही पाय गुळगुळीत भादरले, आणि तिथेच तिने माती खाल्ली.

तिच्या शाळेच्या पोहण्याच्या टीममध्ये हे पाप होतं. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लिहिलेल्या नियमांना त्या पोरी घाबरतात थोड्याच! रीत अशी होती की सप्टेंबरपासून पायाला ब्लेड लावायचं नाही. केस वाढू द्यायचे, ते घेऊनच पाणी कापायचं, आणि नोव्हेंबरातल्या विभागीय स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी कॅप्टन ब्रिनच्या गॅरेजमध्ये बादल्या मांडून एकमेकींच्या पोटऱ्या आणि पाठी साफ करायच्या. मग पाण्यात अंग नुसतं सरकतं, अर्धा सेकंद तरी वाचतो. हा पत्ता मोसमात एकदाच टाकायचा, तोही सगळ्यांनी मिळून.

पण मारिटच्या गळ्याशी आलं होतं. शाळेचं शेवटचं वर्ष. चार वर्षं ती पहाटे साडेपाचला तलावावर हजर असायची; बाहेर पडलं की ओल्या केसांचा बर्फ व्हायचा. तीन वर्षं दुसऱ्या फळीत काढल्यावर यंदा कुठे चौघींनी पाळीपाळीने पोहायच्या रिलेतली चौथी जागा तिच्या वाट्याला आली होती. पुढे कॉलेजात तिला कुणी पोहायला बोलावणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. तिला एकदा त्या चौघींत उभं राहायचं होतं, बस्स.

आणि ऐन वेळी सेलेस्ट आली. म्हणजे ती टीमच्या यादीत होतीच, पण पोहायची नदीपलीकडच्या क्लबमध्ये. शाळेच्या सरावाला मोसमात चारदा फिरकली असेल. क्लबच्या पोरींना सगळं माफ. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"भांडण नको," कोच लुंडीन म्हणाले. "मंगळवारी दोघी पोहा. पन्नास यार्ड. जिंकेल ती रिलेत."

मंगळवारी मारिटने ट्रॅकपँट काढली ती थेट उडी मारायच्या ठोकळ्यावर चढताना. शिट्टी झाली. जिवाच्या आकांताने ती पोहली आणि भिंतीला हात लावून वरच्या वेळफलकाकडे पाहिलं. पंचवीस पूर्णांक दहा सेकंद! आयुष्यात इतक्या वेगात ती कधी पोहली नव्हती. सेलेस्ट तीन शतांशांनी मागे. क्षणभर मारिटला वाटलं, देव आहे.

मग ती शिडीवरून वर आली, आणि ब्रिनची नजर खाली गेली.

"ए, हिचे पाय बघा गं!"

सगळ्या जमल्या. ज्यांच्यासोबत चार वर्षं थंडीत कुडकुडली, त्याच पोरी.

"शी! एका जागेसाठी?"

"आम्ही अस्वलासारख्या हिंडतोय, आणि ही गुपचूप?"

"नियम कुठेय असा?" मारिट म्हणाली.

सेलेस्ट टॉवेल गुंडाळत हसली. "जाऊ दे ना. मला काय फरक पडतो?" खरंच तिला पडत नव्हता, आणि मारिटला तेच जास्त झोंबलं.

कोचनी तिला बाजूला घेतलं. "तू चूक केलीस असं मी म्हणत नाही. पण हिशोब बघ. तू पाय भादरून पंचवीस दहा. ती केसांसकट पंचवीस तेरा. स्पर्धेला तीही भादरेल, मग कुठे जाईल? मला टीमचं बघायला हवं."

"पण तुम्ही म्हणाला होता, जिंकेल ती."

"म्हणालो होतो," कोच म्हणाले, आणि घड्याळ खिशात टाकलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! साध्या पायांनी हरली असती तर निदान मैत्रिणी तरी राहिल्या असत्या.

गॅरेजमधल्या कार्यक्रमाला ती गेली. ब्रिनने दारातच विचारलं, "तू कशाला? तुझं झालंय ना?" तरी ती आत बसली, नवख्या पोरींना साबण देत राहिली. सेलेस्ट आलीच नाही. क्लबचा सराव होता म्हणे. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

स्पर्धेत पहिल्या दोन टीम राज्य पातळीवर जाणार होत्या. मारिट राखीव म्हणून कडेच्या बाकावर. चौथ्या पाळीला सेलेस्टने ट्रॅकपँट उतरवली, आणि मारिटला तिच्या पोटऱ्या स्पष्ट दिसल्या. केस होते तसेच होते.

"ब्रिन! हिनं भादरलेच नाहीत!"

पहिली पाळी पोहून आलेली ब्रिन धापा टाकत होती. "तिच्या क्लबची मोठी स्पर्धा डिसेंबरात आहे. त्यासाठी राखून ठेवलंय तिनं."

"आणि तुला माहीत होतं?"

"क्लबची आहे ती, मारिट. तिचं वेगळं असतं."

त्याच सकाळी सेलेस्ट क्लबमध्ये पाच हजार यार्ड पोहून आली होती. पन्नास यार्डांना तिला पंचवीस अडतीस लागले. टीम तिसरी आली; दुसरी जागा तेरा शतांशांनी हुकली. मारिटला वजाबाकी करायची नव्हती, पण ती आपोआप झाली: अडतीसातून दहा गेले, उरले अठ्ठावीस. पोरी रडल्या, सेलेस्टच्या गळ्यात पडल्या, "तू जीव तोडून पोहलीस गं" म्हणाल्या. तिला कुणी दगाबाज म्हटलं नाही.

कोच बाकापाशी आले. "पुढच्या वर्षी..." एवढं म्हणून थांबले. मारिटला शाळेचं पुढचं वर्षच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मग म्हणाले, "त्या मंगळवारी तू फार सुरेख पोहलीस हं, मारिट."

तेव्हा तिला कळलं की आपली शेवटची शर्यत त्या मंगळवारीच होऊन गेली. ती आपण जिंकलो होतो, आणि एकानेही टाळी वाजवली नव्हती.

"हे मंगळवारी म्हणायचं होतं, कोच," ती म्हणाली आणि सगळ्यांचे ओले टॉवेल गोळा करायला उठली, कारण ते काम राखीव पोरीचं असतं.