मडगार्डमागचा चिखल

मित्रांनो, मला गिअर नाहीत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. मी साधी लेडीज सायकल आहे, आणि आता जुनीही आहे. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर आणि वाजवली की खर्र करणारी घंटी. रंग एके काळी जांभळा होता. आता तुम्ही म्हणाल तो.

माझे सुटे भाग लुधियानाच्या कारखान्यात झाले आणि बारामतीच्या एका दुकानात मला जोडले. श्रेया आठवीत गेली तेव्हा तिच्या वडिलांनी, संभाजीरावांनी, मला घरी आणले. घर म्हणजे निमगाव केतकीच्या अलीकडची वस्ती. कालव्याला लागून ऊस, मागे पेरूची बाग. श्रेयाच्या आईने, शकुबाईंनी, मला हळदकुंकू लावले आणि हँडलला झेंडूची माळ घातली. शाळेत मुली मला हात लावून बघत. ते दिवस मोठे झोकाचे होते.

पुढे श्रेया पुण्याला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. सांगताना वाईट वाटते, पण कोंबड्या माझ्या कॅरिअरवर झोपत. चाकांतली हवा गेली, साखळी गंजली. घरातले कुणी मुद्दाम वाईट वागले नाही, नुसते विसरले. पण ते फार लागले मला.

मला बाहेर काढले शकुबाईंनी. गुडघे दुखत होते म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितले होते. पन्नाशीच्या शकुबाई बागेतल्या वाटेवर पडत-धडपडत शिकल्या. बांधावरच्या बायका म्हणत, "शकुबाई, आता शाळंत नाव घाला की." त्याही हसत आणि पुन्हा माझ्यावर बसत.

आता मुद्द्याचे सांगते. थंडीत बारामतीचा एक सायकल गट दोन दिवसांची फेरी काढतो. शनिवारी बारामतीहून निघायचे, शेतरस्त्यांनी इंदापूर गाठायचे, पळसदेवला मुक्काम करायचा आणि रविवारी दिवस मावळायच्या आत बारामतीत परत यायचे. नियम एकच, पण कडक. सायकलीला दुसऱ्या कुणाचा हात लागला, की तुम्ही बाद.

हिवाळ्यात कसला आलाय चिखल, असे तुम्हाला वाटेल. एकदा उसाच्या मुलखात येऊन बघा. ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत शेतरस्ते उकरून ठेवतात आणि त्यातच कालव्याला पाणी सुटते. काळी माती चाकाला एकदा चिकटली की सोडत नाही.

गेल्या वर्षी याच फेरीतून परत येताना निमगावच्या भर चौकात शकुबाईंच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि त्या खालीच बसल्या. मला टेम्पोत आडवे टाकले. त्या शेजारी बसल्या, पदर तोंडावर ओढून. नंतर कधी तो विषय काढला नाही. फक्त रोज सकाळी मला पुसायला लागल्या. यंदा फेरी पुरी करायचीच, हे मला त्यांच्या हातावरून कळत होते.

संभाजीराव म्हणाले, "कशाला उगं जिवाला तरास? घरी काय काम कमी हाय व्हय?" आणि मग गुपचूप माझ्या साखळीला तेल घालून गेले. माणूस तसा आहे.

शनिवार छान गेला. सकाळी धुके होते, पण वाटा चालण्यासारख्या होत्या. पळसदेवला धरणाचे पाणी भरलेले, जुन्या देवळाचा कळस तेवढा वर दिसत होता. रात्री गिअरवाल्या सायकली माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मग मीही नाही बोलले.

रविवारी घरी संभाजीरावांची पाणी घ्यायची पाळी होती. त्यांनी उसात पाणी सोडले आणि 'आलोच' म्हणून पिशवीत पेरू घेऊन निमगावच्या फाट्यावर जाऊन थांबले. येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला विचारत होते, "आमची मंडळी किती मागं हाय?" मंडळी म्हणजे शकुबाई. समोरच्या वाऱ्याने आम्हाला उशीर झाला होता, पण ते जागचे हलले नाहीत. आम्ही दिसलो तेव्हा त्यांनी नुसता पेरू पुढे केला आणि मोटारसायकलीवर आमच्या मागे निघाले.

आमच्याच उसाच्या कडेने रस्ता वळला आणि शकुबाईंनी करकचून ब्रेक दाबला. समोर रस्ता नव्हताच. उसातले पाणी सऱ्या भरून बांधावरून फुटले होते. लांबपर्यंत काळा रेंदा पसरलेला.

"पाणी कुणाचं हाय ह्ये?" त्यांनी विचारले.

संभाजीराव खाली बघत म्हणाले, "आपलंच. तुझी वाट बघता बघता दुसऱ्या सरीला लावायचं ऱ्हायलं."

शकुबाईंनी मला चिखलात घातले. पाच-दहा हातांवर माझी दोन्ही मडगार्डे भरली आणि चाके फिरेनाशी झाली. ऊन कलले होते. संभाजीराव धावत आले आणि त्यांनी माझ्या कॅरिअरकडे हात नेला.

"काका, हात लावू नका," पलीकडून झेंडी घेऊन उभा असलेला गटाचा दिग्विजय म्हणाला. "लावला की काकू बाद."

संभाजीरावांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधले. मग शकुबाईंनी पदर खोचला, मला उचलले आणि खांद्यावर घेतले. मित्रांनो, मी आजवर दप्तरे वाहिली, पेरूच्या पाट्या वाहिल्या, माणसे वाहिली. मला वाहून नेणारे तोवर कुणी भेटले नव्हते. त्यांचा श्वास कानाशी ऐकू येत होता. मला लाज वाटली आणि खरे सांगते, बरेही वाटले.

संभाजीराव शेजारून चालत होते. चिखलात त्यांची चप्पल गेली. "माझ्या हातानं घाण केली, आन् आता मलाच हात लावायची सोय न्हाय," ते म्हणाले.

"गप चला. फुडं खड्डा कुठं हाय तेवढं सांगा."

मग ते पुढे झाले. अनवाणी पायांनी जमीन चाचपत सांगत राहिले, "हितं डावीकडं. हितं घट्ट हाय. आता दम खा जरा." दोघे एकमेकांशी इतका वेळ बोललेले मी बऱ्याच दिवसांनी ऐकले.

पलीकडे गेल्यावर शकुबाईंनी काटकीने माझा चिखल स्वतः उकरला आणि पुन्हा पायडल मारले. बारामतीत शिरलो तेव्हा मंडपातल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. सगळ्यांत शेवटचा नंबर आमचा. पण ऊन अजून शेजारच्या भिंतीवर होते. शकुबाई पायरीवर बसल्या आणि गळ्यात घातलेले पदक हातात धरून रडल्या.

संभाजीराव शेजाऱ्याचा पिकअप घेऊन आले होते. कुठून तरी बादली आणून म्हणाले, "आधी हिला धुतो."

"धुऊ नका," शकुबाई म्हणाल्या. "तशीच मागं उभी बांधा. आन् निमगावच्या चौकातनं गाडी न्या."

"घर तर अलीकडं ऱ्हातंय की."

"मग फुडं जाऊन माघारी येऊ."

मी उभी राहून चौकातून गेले. शकुबाई पुढे बसल्या होत्या, तोंडावर पदर न घेता.

मित्रांनो, सायकलीवर चिखल वाळू देऊ नका. तो लोखंड खातो. साखळीला तेल द्या, चाकांत हवा ठेवा आणि घरात कुणी कोपऱ्यात पडले असेल, तर त्याला बाहेर काढा. शकुबाई मला अजून रोज पुसतात. फक्त मागच्या मडगार्डच्या आत त्या उसाच्या चिखलाचे एक ढेकूळ वाळून बसले आहे. तेवढ्या जागेवरून त्या फडके फिरवत नाहीत. मीही काही म्हणत नाही.