संघासोबतच्या बाई

कडेगावच्या पुढं सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावातल्या हायस्कुलात संयोगिता मराठी शिकवायची. त्या शाळेचं नाव तालुक्यात होतं ते मुलींच्या खो-खोच्या संघामुळं. वीरधवल सरांनी तो उभा केला होता. सर पस्तिशीचे, काटक अंगाचे, बोलायला गोड. सकाळी सहाला मैदानावर हजर. कारकुनाच्या खोलीबाहेर काचेच्या कपाटात ढाली मांडल्या होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त त्यांच्या मुलींनी आणलेल्या. गावात सर कुणाच्याही दारावरून गेले तरी चहा घेतल्याशिवाय त्यांना कोणी पुढं जाऊ देत नसे.

मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक शिक्षिका पाहिजे, असा नियम आहे. फॉर्मच्या तळाला ‘संघ व्यवस्थापिका’ असं छापलेलं असतं आणि त्यापुढं नाव आणि सही. शाळेत बाई दोनच. एक निवृत्तीला आलेल्या, गुडघ्यांनी बेजार. राहिली संयोगिता. पहिल्या वर्षी तिचा जयराज दहा महिन्यांचा होता. फॉर्म हातात घेऊन ती जरा घुटमळली, तेव्हा सर म्हणाले,

“मॅडम, लहान बाळ घेऊन कुठं हाल करून घेताय? सही तेवढी करा. मी हाय की.”

तिला ते माणुसकीचं वाटलं. तिनं सही केली. हजेरीत ‘स्पर्धा ड्यूटी’ पडली आणि तीन दिवस ती घरी राहिली. नवरा तानाजी फौजेतून सुटून नुकताच शेतीकडं वळला होता. तोही म्हणाला, सर भला माणूस आहे. दुसऱ्या वर्षी सरांनी विचारलंसुद्धा नाही, फॉर्म टेबलावर ठेवला. तिसऱ्या वर्षी तिनं त्या तीन दिवसांत करायची घरातली कामं आधीच ठरवून ठेवली होती. असं चार वर्षं चाललं.

चौथ्या वर्षी संघात आम्रपाली होती. नववीत, संयोगिताच्याच वर्गात. बाप राजाराम गवंडीकाम करायचा, आई आक्काताई लोकांच्या रानात जायची. पोरगी बोलायला कमी, पण मैदानात उतरली की नजर ठरत नसे. खांबाजवळ सूर मारून गडी टिपायची. विभागीय स्पर्धा साताऱ्याला होत्या. निघायच्या आदल्या दिवशी ती वर्गाबाहेर थांबली.

“बाई, तुमीबी येणार न्हवं? यादीत तुमचं नाव हाय.”

“बघू गं,” संयोगिता म्हणाली. वह्यांचा गठ्ठा सावरत ती पुढं गेली.

संघ दुसरा आला. मिरवणूक निघाली. आम्रपाली तिच्यात नव्हती, पाय मुरगळला म्हणून घरी होती. चार दिवसांनी ती शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. खोलीत संयोगिता एकटीच होती.

“बाई, तुमी साताऱ्याला का न्हाई आलासा?”

“जयराजला ताप होता,” संयोगिता म्हणाली. ताप नव्हता. “का गं?”

“काय न्हाई,” म्हणून पोरगी गेली.

त्यानंतर ती मैदानावर दिसली नाही. महिन्याभरात शाळेतूनही दाखला काढून तिला मावशीकडं कुंडलला नेल्याचं कळलं. वीरधवल सर म्हणाले, “एकदा विभागाला गेली की डोक्यात हवा जाते ह्या पोरींच्या.” बाकीचे हसले. संयोगिताला त्या ‘बाई, का न्हाई आलासा’ची अधूनमधून आठवण व्हायची. भाकरी थापताना, वर्गात कविता वाचताना. ती आठवण ती बाजूला सारायची.

पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म आला. पुन्हा सातारा. यादीत सगळ्यात वर अंकिताचं नाव होतं. आठवीतली, तेरा वर्षांची, लालासाहेबांची धाकटी. लालासाहेब म्हणजे गावातला मोठा बागाईतदार, शाळेच्या कमिटीवरचा. संयोगितानं पेन काढलं आणि कशानं कोण जाणे, टोपण परत लावलं.

“सर, ह्या वर्षी मी येते. जयराज आता मोठा झालाय.”

सर हसले. “गाडीत जागा कुठाय मॅडम? पोरीच दाटीवाटीनं बसत्यात.”

“मी एसटीनं येईन.”

सरांचं हसू गेलं. “माझ्यावर विश्वास न्हाई का?” असं त्यांनी इतक्या हळू विचारलं, की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. पण तिनं सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आप्पासोंनी तिला बोलावलं. आप्पासो वाईट माणूस नव्हते. शाळेचं नाव खाली येऊ नये, एवढीच त्यांची काळजी असे. त्यांनी चहा मागवला.

“मॅडम, उगं नवीन पायंडे पाडू नका. तुमच्या सहीनं तर गेल्या साली शाळा वाचली.”

“म्हणजे?”

“तुमाला ठावं न्हाई? ती आम्रपाली. तिचा बाप आला हुता, सरांवर काय बी बोलत. मी सरळ फॉर्म काढून दावला. म्हणलं, बाई हुत्या की संगं, ही बघ सही. बाई आसताना आसलं कसं घडंल? गप झाला आन् गेला.”

 संयोगितानं हातातला कप टेबलावर ठेवला.

“सर, तुम्हाला माहीत होतं की मी गेले नव्हते.”

आप्पासोंनी खिडकीकडं पाहिलं. “कागदावर तर तुमी हुता ना,” ते म्हणाले.

रविवारी ती कुंडलला गेली. कुणाला न सांगता, पलूसवरून दोन गाड्या बदलून. मावशीचं घर विचारत विचारत सापडलं. आक्काताई तिथंच होत्या, लेकीला भेटायला आलेल्या. बाईंना दारात बघून त्या उठल्या नाहीत.

“आता आनि काय लिहून घ्यायला आलासा?”

“लिहून घ्यायला नाही. मला माहीत नव्हतं, आक्काताई.”

“तुमाला ठावं न्हवतं. मग सही कुनी केली?”

संयोगिता उंबऱ्याच्या आत भुईवरच बसली. आतून आम्रपाली आली. वर्षभरात ती उंच झाली होती, आणि खांदे पुढं ओढून चालायला लागली होती. ती आईला टेकून बसली. मग पोरीनंच सुरुवात केली, खाली बघून, धडा म्हणावा तसं.

“पाय मुरगळला हुता. समद्या पोरी मुलांची फायनल बघायला गेल्या. सर म्हणले, तू थांब, तेल चोळतो. मी म्हणलं नगं. बाईंस्नी बोलवा म्हणलं. सर हसलं. म्हणले, कुठल्या बाई? तुज्या बाई घरी भाकऱ्या थापत्यात.”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“फुडलं आईला सांगितलंय. तुमालाबी सांगाय पायजे का?”

“नको,” संयोगिता म्हणाली. “मला नको सांगूस.”

आक्काताईंनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. “हिचा बाप गेला शाळंत. हेडसर म्हणले, बाई संगं हुत्या, पोरगी खोटं बोलतीया. वर म्हणले, तुमच्या लोकांस्नी कायदे लगीच सुचत्यात. बाप दोन दिस जेवला न्हाई. आमी काय म्हणणार? कागुद त्यांच्याकडं. बाईंची सही त्यांच्याकडं. मग त्यांनी दाखल्याचा अर्ज लिहून घेतला, आन् पोरीला हिकडं आणून टाकली.”

“मी खरं सांगितलं तर तुम्ही याल? पोलिसांत?”

आक्काताईंनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मग लेकीकडं. आम्रपाली म्हणाली, “औंदा कोन जानार हाय साताऱ्याला?”

“अंकिता आहे. आणि अकरा जणी.”

“अंकी लय ल्हान हाय,” आम्रपाली म्हणाली. मग तिनं आईला विचारलं, “जायाचं का, आये?”

घरी तानाजीनं सगळं ऐकून घेतलं. कपाळावर हात मारून तो म्हणाला, “अगं, तुझ्यावरच केस हुईल. चार वर्षं घरी बसून ड्यूटी लावलीस. नोकरी जाईल, गाव थुंकंल. पोरीला काय झालं त्ये आता परत येणार हाय का?”

“नाही येणार.”

“मग?”

“पुढच्या सोमवारी संघ निघायचाय, तानाजी. त्या आधी जायला पाहिजे.”

तो उठून गोठ्याकडं गेला. पण शनिवारी सकाळी तिला गाडीवरून तालुक्याला त्यानंच सोडलं.

ठाण्यात राजाराम आणि आक्काताई आम्रपालीला घेऊन आधीच आले होते. एक महिला अधिकारी होत्या, साध्या कपड्यांत. त्यांनी आम्रपालीला वेगळ्या खोलीत, आईसोबत बसवून सगळं लिहून घेतलं. दोन तास लागले. मग संयोगिताला बोलावलं. तिनं आपला जबाब सांगायला घेतला. मी त्या दौऱ्यावर गेले नव्हते. माझं बाळ लहान होतं म्हणून—

“चारही वर्षं?” अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

संयोगितानं मान खाली घातली. “नाही. तेवढं काढा. लिहा, मी गेले नाही. चारही वर्षं गेले नाही.”

“ह्यानं तुमच्यावरही कारवाई होईल, कल्पना आहे ना?”

“आहे.”

त्याच दुपारी वीरधवल सरांना शाळेतून नेलं. संघ साताऱ्याला गेला नाही.

पुढं जे झालं ते तानाजी म्हणाला होता तसंच झालं. संयोगिता निलंबित झाली. आप्पासोंनाही चौकशीला बोलावलं, ते रजेवर गेले. आणखी दोन जुन्या मुलींची नावं पुढं आली. एकीच्या सासरच्यांनी तोंडावर दार लावून घेतलं, दुसरी बोलली. चौकात लालासाहेब मोठ्यानं म्हणत, एका पोरीपायी गावाची इज्जत घालवली. किराणाच्या दुकानात संयोगिता गेली की बायका बोलायच्या थांबत. अडीच महिन्यांनी सर जामिनावर सुटले. गावात यायची त्यांना मनाई होती. तरी कोणीतरी त्यांच्या घरापुढं फटाके लावले.

मैदानावर आता मुली येत नव्हत्या. आईबापांनी एकेक करून सगळ्यांना काढून घेतलं होतं. शाळेनं फलक लावला, मुलींचा सराव पुढील सूचनेपर्यंत बंद. मुलांचा चालू राहिला. संयोगितानं कमिटीला पत्र लिहिलं, की सराव बंद करू नका, शिक्षिका नेमा, आईबापांना मैदानावर बसू द्या, मुलीला एकटीला कुठं बोलवायचं नाही असं लिहून लावा. पत्राला उत्तर आलं नाही. निलंबित बाईचं पत्र कोण वाचणार?

एकदा डेअरीच्या वाटेवर अंकिता भेटली. हातात दुधाची किटली. इकडंतिकडं बघून ती जवळ आली.

“बाई, सर मला म्हणले हुते, साताऱ्याला गेल्याव तुला येगळं शिकवतो, एकटीला. मी लय खूश झाले हुते.”

संयोगितानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. अंकिता तशीच उभी राहिली.

“पर आता आमाला खेळूच देत न्हाईत,” ती म्हणाली. “पप्पा म्हणत्यात, घरात बस. आमी काय केलं हुतं, बाई?”

“तुम्ही काही नाही केलं.”

“मग?”

लांबून कोणीतरी हाक मारली आणि ती किटली सांभाळत पळाली. तिच्या पळण्यात अजून मैदान होतं. पाय जमिनीला टेकत नव्हते.

आम्रपालीची साक्ष सांगलीला झाली. दीड वर्षानं. तोवर ती अकरावीला गेली होती. संयोगिताची साक्ष आदल्या तारखेला झाली होती. सरांच्या वकिलांनी तिला फॉर्मवरच्या सह्या एकेक करून दाखवल्या आणि प्रत्येक सहीला विचारलं, ही खोटी आहे का? सही खरी आहे, असं ती सांगत गेली, सोबत जाणं खोटं आहे. आज तिचं तिथं काही काम नव्हतं. तरी ती आली होती.

आत आम्रपालीसोबत फक्त आक्काताईंना सोडलं. राजाराम आणि संयोगिता बाहेरच्या बाकावर बसले. राजारामनं पांढरा शर्ट घातला होता, त्याच्या नखांत सिमेंट होतं. तासाभरानं तो एकदम म्हणाला, “त्या दिवशी हेडसरांनी कागुद दावला ना, तवा मला वाटलं, आपलीच पोरगी खोटी. घरी जाऊन मी तिला मारलं, बाई.” मग तो उठला आणि नळाकडं गेला. परत येऊन पुन्हा तिथंच बसला.

आम्रपाली बाहेर आली तेव्हा दुपार टळली होती. चेहरा उतरला होता, पण मान वर होती. निकालाला अजून किती दिवस, कोणी सांगू शकत नव्हतं. पुढची तारीख तेवढी मिळाली. चौघं चालत बसस्टँडवर आली. राजाराम गाडीची चौकशी करायला गेला, आक्काताई पाण्याची बाटली भरायला. बाकड्यावर दोघीच राहिल्या.

“अजून खेळतेस का गं?” संयोगितानं विचारलं.

“न्हाई. कालेजात विचारलं हुतं. कोन तेल चोळाया लागलं तर, आसं येतं मनात. मग न्हाई गेले.” ती स्टँडवरच्या गाड्यांकडं बघत राहिली. “आपला संघ चालू हाय?”

“बंद आहे.”

“समदाच?”

“मुलींचा.”

आत उलटतपासणीत जी रडली नव्हती असं आक्काताईंनी येताना सांगितलं होतं, ती आम्रपाली तिथं बाकड्यावर रडायला लागली. आवाज न करता, तोंडावर ओढणी दाबून. संयोगितानं हात पुढं केला आणि मधेच थांबवला. त्या हाताला तेवढा हक्क आहे का, तिला ठरवता येईना.

“माझं चुकलं, आम्रपाली,” ती म्हणाली. इतक्या दिवसांत हे तोंडानं कधी म्हटलं नव्हतं.

पोरीनं डोळे पुसले. तिच्याकडं पाहिलं. राग नव्हता, माफीही नव्हती.

“व्हय बाई,” ती म्हणाली. “चुकलं.”

पलूसची गाडी लागली. राजारामनं हाक दिली. आम्रपाली पिशवी उचलून गर्दीत शिरली, आईसाठी जागा धरायला.