बारा बंदुकांचं चित्र

पाद्रीणबाईंनी शिवायला दिलेलं कापड त्यांच्या देशातल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. कापड राहिलं बाजूला, मी कागदच बघत बसले. आमच्या डोंगरातल्या बंडखोरांचं चित्र! बारा जण बर्फात ओळीने उभे, बंदुका रोखून. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जपान्यांनी आमचं सैन्य मोडीत काढलं, तेव्हा माझा दादा, दालसू, बंदुकीसकट असाच डोंगरात निघून गेला होता. त्याच वर्षी पानगळीत मिठाच्या फेरीवाल्याने खबर आणली, तो लढाईत पडला. कुठे, कोणत्या दिवशी, कुणालाच ठाऊक नाही.

ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं श्राद्ध नवव्या महिन्याच्या नवमीला करतात. नवमी आजच होती. पलीकडे आई दादाचं ताट मांडत होती. मेलेल्याचं ताट जिवंताच्या उलट मांडायचं, म्हणून भात उजवीकडे, मुळ्याचं सार डावीकडे.

मी चेहरे निरखले, पण चित्रकाराने बाराही जणांना एकच नाक आणि एकच मिशी वाटली होती. कपड्यांत मात्र मला कोण फसवणार! सगळ्यांच्या बंड्यांच्या गाठी डाव्या छातीवर. आमच्याकडे झिंगलेला माणूससुद्धा गाठ उजवीकडेच बांधतो. "गाढवाला साधी बंडी काढता येईना," मी पुटपुटले. मग बंदुका पाहिल्या. अकरा जणांच्या डाव्या खांद्याला, एकाच्याच उजव्या. एका ओळीत अकरा डावखुरे? आमच्या अख्ख्या गावात एकच होता, आणि जेवताना त्याचा डावा हात आई चिंधीने बांधून ठेवायची.

दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदातून ऊन आत येत होतं. पान पालथं करून मी त्यावर धरलं. मागची अक्षरं मध्ये येत होती, तरी चित्र दिसलं. गाठी उजवीकडे आल्या. अकरा बंदुका उजव्या खांद्याला गेल्या. कडेच्या एकाची तेवढी डाव्या.

"आई! चित्र उलटं छापलंय! आणि दादा आहे यात!"

"श्राद्धाच्या दिवशी काय वेड्यासारखं बोलतेस, ओकदान?"

"बर्फ बघ ना. दादा मेल्याची खबर पानगळीत आली, बर्फ त्यानंतर पडला. मग बर्फात हा डावखुरा कोण?"

"देशात डावखुरा काय तो एकटाच? आणि कुणी सांगावं, त्या परक्याने घरात बसून मनानेच काढलं असेल."

हीच भीती मलाही होती. तरी मी हट्टाने म्हटलं, "मनाने काढणाऱ्याला एकालाच वेगळा हात द्यायचं सुचेल कशाला?"

आईने डोळे बारीक करून कागदाला नाक लावलं.

"खांदा बघ कसा वर चढवलाय कार्ट्याने," ती म्हणाली. "शंभरदा सांगितलं, सरळ उभा राहत जा."

मला रडू आवरेना. आई मात्र ताटापाशी गेली. उदबत्त्या तिने परत फडताळात ठेवल्या. भाताचा वाडगा डावीकडे घेतला, सार उजवीकडे सरकवलं, भात गार होऊ नये म्हणून त्यावर झाकण घातलं. राहिला चमचा. तो उजवीकडे ठेवायची रीत. तो हातात घेऊन ती थोडी थांबली, आणि मग तिने तो डावीकडे ठेवला.