एक्केचाळीस

गुरुवार होता. पुनावळ्याच्या घरात चतुराबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या, पण माळेत मन ठरेना. कान स्वयंपाकघराकडे लागलेले. तिथून सुनेच्या बोटातल्या, जप मोजायच्या यंत्राचा आवाज यायचा. टिक्. मग बराच वेळ काही नाही.

बाळंतपणानंतर दीपमाला मिटतच गेली होती. पोराला पाजताना भिंतीकडे बघत राहायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिन्याभरात चार घास जेवूही लागली. पण भजनी मंडळाच्या सावित्रीबाई म्हणाल्या, "सव्वा लाख नाम घिऊ द्या तिला. तवर गोळी न्हाई. एक हात देवाला, एक डाक्टरला, हे देवाला चालत न्हाई." चतुराबाईंनी गोळ्या देव्हाऱ्याच्या खणात टाकल्या आणि सुनेच्या बोटात ते यंत्र चढवलं. केलं ते मायेनंच.

रोज संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर प्रत्येकीचा आकडा पडायचा. कुणाचे पाच हजार, कुणाचे आठ.

"दीपे, दाव गं यंत्र," तिन्हीसांजेला चतुराबाई आत आल्या. बघतात तर एक्केचाळीस.

"अगं, सकाळधरनं एक माळसुदिक न्हाई? सावित्रीबाईची नात पाच वर्साची, ती बी हजार घालती! आता काय तोंड दावू मी?"

दीपमाला कणीक मळत होती. हात थांबले.

"आई, ते नाम नाहीये."

"मग काय हाय?"

"नाम तोंडात येतच नाही. मरून जावंसं वाटलं, की दाबते."

शेगडीवरचं दूध वर आलं, उतू गेलं. गॅस कुणीच बंद केला नाही.

"मला बोलली का न्हाईस?"

"बोलले होते एकदा. तुम्ही म्हणालात, नाम घेणाऱ्याच्या मनात असलं येत नसतं."

चतुराबाईंना सकाळ आठवली. त्यांच्या केसांना तेल लावताना दीपमालेचं बोट कानापाशी वाजलं होतं, टिक्. आणि त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या, "गुनाची गं माजी बाय."

त्यांनी गॅस बंद केला, खणातून गोळ्या काढल्या, डॉक्टरांना फोन लावला. "तिला क्षणभर एकटं सोडू नका, लगेच घेऊन या," ते म्हणाले. मग चाकणला कंपनीत असलेल्या मुलाला, दीपमालेच्या नवऱ्याला, गणराजला. "शिफ्ट मरू दे तुजी. घरातलं मानूस बुडतंय."

रिक्षात पोर मांडीवर, सुनेचा हात हातात.

"आई, दिवा राहिला. तुमचा तीस वर्षांचा नेम मोडला."

"ऱ्हाऊ दे. देव काय अंधाराला भितो व्हय?"

दवाखान्यात दीपमाला आत गेली, तिच्याबरोबर धावत आलेला गणराजही. बाहेर फोन वाजला. ग्रुपवर सावित्रीबाई विचारत होत्या, "चतुराबाई, सुनंचा आकडा?"

ग्रुपवर बोलून पाठवायला त्यांनी फोन तोंडाशी धरला. आवाज हलका, पण ठाम होता.

"एक्केचाळीस. पन ह्यो नामाचा न्हाई. आज एवढ्या बारी माज्या सुनंला मरावं वाटलं, आन् मी म्हनत हुते, आकडा वाढव. गोळ्या मी लपवल्या, देवानं सांगितलं न्हवतं. नाम मी उद्याबी घेनार, मरस्तवर घेनार. पन बायांनो, घरात कुनी गप झालं आसंल, तर आकडा इचारू नका. काय हुतंय, ते इचारा."

त्या संध्याकाळी ग्रुपवर पुढचा आकडा पडला नाही.