बागेच्या टोकाची खोली

"ती पेटी खाली नको ठेवूस," लोर्ना म्हणाली. "जमिनीवर काचेची पेटी बघून त्या बाई काय म्हणतील?"

"पण खालीच बरी असते. झोपून बघता येतं."

"आज झोपून नको बघूस, राणी. आजचाच दिवस."

 तिची बारा वर्षांची मुलगी रोवन वडिलांच्या जुन्या स्वेटरच्या बाह्यांत हात लपवून दारात उभी होती. लोर्नाने गोगलगायींची पेटी उचलून फळीवर, ग्रहमालेच्या तक्त्याखाली ठेवली आणि हीटरचा काटा आणखी वर नेला. बाहेर गवतावर दहिवर गोठले होते. स्थानिक कौन्सिलच्या बाई रोवनचे घरचे शिक्षण तपासायला दुपारच्या आधी येणार होत्या.

खोली लाकडाची होती. बागेच्या टोकाला, कुंपणाला लागून. भिंतींत लोकर भरलेली, काचा दुहेरी. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या या गावात अशा खोल्या पुष्कळांच्या बागेत आहेत. कोणी त्यात ऑफिस थाटते, कोणी व्यायामाची सायकल ठेवून विसरून जाते. लोर्ना आणि तिचा नवरा क्रेग यांनी ही खोली उन्हाळ्यात रोवनच्या शिक्षणासाठी उभी केली होती.

शाळेत रोवनबद्दल कधीच तक्रार नव्हती. "इथे तर ती अगदी छान असते," असे प्रत्येक शिक्षिका सांगत असे. घरी आल्यावर मात्र ती बुटांसकट जेवणाच्या टेबलाखाली जाऊन पडायची आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नसे. मोठ्या शाळेत गेल्यावर ते वाढत गेले. शेवटी एका सकाळी शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली आणि तिचे पाय गाडीच्या बाहेर येईनात. ती रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. पायांकडे बघत नुसती बसून होती.

लोर्ना इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात काम करत होती. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा नमुना आतून बिघडलेला असू शकतो, हे तिच्या रोजच्या कामातले ज्ञान होते. तरीही 'इथे ती छान असते' यावर तिने इतका काळ विश्वास ठेवला होता. त्या सकाळनंतर तिने नोकरी सोडली आणि रोवनचे नाव शाळेतून काढले. मुलांना घरी शिकवायला कायद्याची आडकाठी नाही. पण शिक्षण नीट चाललेले नाही असे कौन्सिलला वाटले, तर मुलाला पुन्हा शाळेत घालण्याचा हुकूम निघतो. "तुला परत तिथे पाठवणार नाही," असे लोर्नाने रोवनला वचन दिले होते. ते पाळणे आता त्या बाईंच्या हातात होते.

सुरुवातीला नव्या खोलीत काहीच नव्हते. एक गालिचा, उशा आणि गोगलगायींची पेटी, एवढेच. रोवन दिवसदिवस पालथी पडून राहायची आणि लोर्ना जवळ बसून विणत असायची. मग एकदा रोवनने हाक मारली.

"आई, इकडे ये. कान लाव."

दोघी पेटीला कान लावून जमिनीवर पडल्या. आत एक गोगलगाय काकडी खात होती. अगदी बारीक खरखर येत होती.

"आलं ऐकू? दात आहेत तिला. जिभेवर! हजारो!"

"मग दंतवैद्याचं काय होत असेल गं बिचाऱ्याचं?" लोर्ना म्हणाली, आणि रोवन हसली. तोंडावर हात न धरता, मोठ्याने. कितीतरी महिन्यांनी.

पुढे कौन्सिलची भेट ठरली आणि लोर्ना घाबरली. उशा घरात गेल्या. टेबल आणि खुर्ची आली, पांढरा फळा आला, भिंतीवर रंगीत वेळापत्रक लागले. सकाळी गणित, मग इंग्रजी, मग विज्ञान.

"अगं, तू तर इथे शाळाच आणून ठेवलीस," क्रेग म्हणाला होता. तो बस चालवतो. त्या दिवशी पहाटेची पाळी संपवून तसाच गणवेशात बागेत आला होता.

"मग काय ठेवू? काकडी खाणाऱ्या गोगलगायी बघायला येणार आहेत का त्या?"

"रोवनला विचारलंस?"

"विचारलं. हो म्हणाली."

"ती हो म्हणतेच गं, लोर्ना. कुणी काहीही विचारलं तरी हो म्हणते."

"तिला परत पाठवायची वेळ आली तर तू सोडायला जाणार आहेस का फाटकापर्यंत?"

क्रेगने टोपी काढली, पुन्हा घातली आणि चहा टाकायला आत गेला.

"काय हेडमास्तरीणबाई!" आज लोर्ना खोलीबाहेर आली तसे कुंपणापलीकडून शेजारच्या ब्रेंडाचे डोके वर आले. "आज तपासणी ना? बिस्किटं कुठली काढलीस?"

"साधीच."

"साधी? मग झालीस तू नापास! चॉकलेटची काढ. आमच्या वेळी इन्स्पेक्टर यायचा तेव्हा मास्तर ढ पोरांना कोळशाच्या कोठीत बसवायचे. अगदी चूप! मी तिथे पहिल्या रांगेत." ब्रेंडा स्वतःच हसली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "कशी आहे गं पोर?"

"बरी आहे. आज तर स्वतःहूनच तयार व्हायला गेली."

"स्वतःहून? बघ की! निवळतंय म्हणायचं."

रोवन घरातून बाहेर आली तेव्हा तिने पांढरा शर्ट घातला होता, केस घट्ट मागे बांधले होते आणि पायात शाळेचे काळे बूट होते. लोर्नाने तिला असे काही सांगितले नव्हते. ते बूट अजून घरात आहेत हेही ती विसरली होती. पण तेवढ्यात बेल वाजली आणि तिला सुटल्यासारखे वाटले, की निदान कपड्यांवरून वाद घालावा लागणार नाही.

कौन्सिलच्या मिसेस हॅलम मनमिळाऊ बाई निघाल्या. "बूट काढू का बाहेर? किती उबदार आहे हो इथे! माझ्या ऑफिसपेक्षा बरं." मग त्या रोवनकडे वळल्या. "काय चाललंय सध्या?"

रोवनने हात वर केला.

"अगं, हात कशाला? आपण तिघीच तर आहोत," मिसेस हॅलम हसल्या. लोर्नाही हसली.

"सॉरी, मिस."

रोवनने अपूर्णांकांचे गणित फळ्यावर सोडवून दाखवले. मग टेबलाशी बसून कविता म्हटली. पाठ ताठ, शब्द स्पष्ट, प्रत्येक उत्तराच्या शेवटी छोटेसे हसू. मिसेस हॅलमचे लक्ष फळीकडे गेले.

"आणि हे कोण?"

"गोगलगाय, मिस. मृदुकाय प्राणी. शरीर मऊ असतं आणि संरक्षणासाठी पाठीवर कवच असतं. ती वनस्पती खाते."

"वा! आवडतात तुला?"

"हो, मिस."

लोर्ना बाजूने बघत होती म्हणून तिला दिसले. टेबलाखाली रोवनच्या डाव्या हाताचा अंगठा मुठीत होता आणि बाकीची बोटे त्यावर इतकी आवळलेली होती, की नखांचा रंग गेला होता. मानेवर लाल चट्टे उठले होते. शाळेच्या त्या दिवसांत घरी आल्यावर असेच चट्टे असत. कशाचे, ते तेव्हा कोणालाच सांगता आले नव्हते. लोर्नाला ते आता समजत होते. पुरे, एवढे म्हणायचे होते. पण पुरे म्हटले असते तर मिसेस हॅलमनी विचारले असते, का? आणि त्या 'का'चे उत्तर पुन्हा शाळेच्या फाटकापाशी नेणारे होते.

"आणि इतिहास?" लोर्ना म्हणाली. "रोवन, इतिहासाचंही दाखव ना."

"हो," रोवन म्हणाली.

बाजूच्या फाटकाशी मिसेस हॅलमनी लोर्नाचा हात हातात घेतला. "मला काही म्हणजे काही काळजी वाटत नाही. पुढच्या वर्षापर्यंत तुम्हाला कोणी त्रास देणार नाही. मी खूप घरं बघते हो. कुठे कुठे पोर अंथरुणातून उठतसुद्धा नाही. आणि तुमची ही! इतकी शहाणी, इतकं नीट बोलणारी. खरं सांगू? उद्या शाळेत परत गेली तरी हिला काहीच जड जाणार नाही."

"थँक यू," लोर्ना म्हणाली.

गाडी वळेपर्यंत ती थांबली. मग बिस्किटांचा डबा घेऊन जवळजवळ धावतच बागेतून मागे आली.

"जिंकलो गं! वर्षभर कुणी नाही येणार. ऐकलंस? वर्षभर!"

रोवनने फळा पुसला होता. पेने डब्यात भरली होती. आईच्या देखत तिने खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली आणि टेबलावर ठेवली. शाळा सुटताना सगळे वर्ग करतात तसे; झाडायला येणाऱ्यांना जमीन मोकळी मिळावी म्हणून. मग ती टेबलामागे उभी राहिली. हात पाठीमागे, नजर समोर.

"हे काय गं?" लोर्ना म्हणाली. "गेल्या त्या. उतरव ती खुर्ची. बस, बिस्किट खा. चॉकलेटची आणलीत शेवटी."

रोवन उभीच होती.

"रोवन. मी आहे गं. आई."

रोवनने मान हलवली. ते कळले, अशा अर्थाने. चेहऱ्यावर मघाचेच छोटे हसू होते. ते अजून उतरले नव्हते.

लोर्नाने डबा खिडकीत ठेवला. जवळ जावे, ते हात सोडवावेत, असे तिच्या मनात आले आणि ती पुढेही झाली. रोवनची पाठ आणखी ताठ झाली. लोर्ना जागीच थांबली. हीटर बारीक आवाजात चालू होता.

"जाऊ का, मिस?" रोवनने विचारले.

लोर्नाने तोंड उघडले. जे बोलायचे होते ते मोठे होते, आणि त्यातले काहीच त्या मुलीला आत्ता ऐकू गेले नसते.

"जा," ती म्हणाली.

रोवनने दार आवाज न करता लावले. साऱ्या बागेत दुसरे कोणी नव्हते. तरी ती डाव्या बाजूने, कुंपणाला धरून, न धावता चालत गेली. शाळेच्या वऱ्हांड्यात समोरून मुलांची रांग येत असावी तशी उजवीकडची वाट मोकळी ठेवून.